डॉ. विल्यम हॉल्स्टेड : शल्यवैद्य घडविणारा शल्यवैद्य

निवासी डॉक्टर हा शब्द आता खेड्यापाड्यांतही परिचयाचा झाला आहे. पुण्याच्या ससूनमध्ये, मुंबईच्या केईएममध्ये किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये घरचे कोणी दाखल असले, की रात्री-अपरात्री खाटेजवळ येऊन नाडी पाहणारा, जागरणाने डोळे लाल झालेला एक तरुण डॉक्टर आपल्याला भेटतो. तोच हा निवासी डॉक्टर. त्यांच्या संपाच्या बातम्याही आपण वर्तमानपत्रांत वाचतो. परंतु डॉक्टरची पदवी मिळाल्यावरही हा मनुष्य आणखी काही वर्षे रुग्णालयातच का राहतो, ही रीत कोणी घालून दिली, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

या रीतीचे मूळ जर्मनीत असले, तरी तिला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. तिचे जनक डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड. स्तनाच्या कर्करोगावरील जी मोठी शस्त्रक्रिया जगभर सुमारे पाऊणशे वर्षे प्रमाण मानली गेली, तीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आज ती शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली आहे. शिकविण्याची पद्धत मात्र टिकून आहे. एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन कामांचे दैव इतके निराळे का ठरले, हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य मुळापासून पाहिले पाहिजे.

हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन व्यापारी घराण्यात झाला. वडिलांचा कापडाच्या आयातीचा मोठा व्यवसाय होता. मुलाला कशाचीच ददात नव्हती आणि अभ्यासाची गोडीही नव्हती. येल येथील महाविद्यालयात ते फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणून गाजले. ग्रंथालयातून त्यांनी एकही पुस्तक नेल्याची नोंद नाही असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शेवटच्या वर्षी मात्र शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांची दोन पुस्तके त्यांच्या हाती पडली आणि गडी एकदम पालटला. १८७४ साली येलची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १८७७ मध्ये डॉक्टर झाले.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टर होणे सोपे होते, शल्यवैद्य होणे त्याहूनही सोपे. पदवी हाती पडली की कोणीही सुरी हाती घ्यावी. रुग्ण वाचला तर डॉक्टरांचे यश, दगावला तर नशिबाचा खेळ! हॉल्स्टेड यांना हे पटले नाही. १८७८ ते १८८० ही दोन वर्षे ते युरोपात हिंडले. व्हिएन्नात बिलरोथ, हाले येथे फोल्कमान अशा नामवंतांचे काम त्यांनी जवळून पाहिले. तेथे होतकरू शल्यवैद्य वर्षानुवर्षे एका गुरूच्या हाताखाली राहत. आधी प्रेते चिरून शरीर ओळखायचे, प्रयोगशाळेत काम करायचे, मग शस्त्रक्रियेत मदत करायची आणि शेवटी स्वतः सुरी धरायची असा क्रम असे. आपल्याकडे गवयाच्या घरी राहून, तंबोरा लावण्यापासून सुरुवात करणाऱ्या शागिर्दाची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता.

न्यूयॉर्कला परतलेला हा तरुण विलक्षण धडाडीचा निघाला. १८८१ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने त्यांची बहीण मरणाच्या दारात पोहोचली, तेव्हा त्यांनी स्वतःचे रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षे अवकाश होता. ती वाचली हे दोघांचेही भाग्य. पुढच्याच वर्षी त्यांची आई पित्ताशयाच्या खड्यांनी अत्यवस्थ झाली. हॉल्स्टेड यांनी रात्री दोन वाजता, स्वयंपाकघरातील टेबलावर तिची शस्त्रक्रिया केली, पू आणि खडे काढले. आईही बरी झाली. बेलव्ह्यू रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह त्यांना अस्वच्छ वाटले, तेव्हा आवारात स्वतंत्र तंबू उभारून तेथे जंतुनाशक पद्धतीने शस्त्रक्रिया करण्याची व्यवस्था त्यांनी करून घेतली.

अशा चढत्या काळातच दैवाचा फेरा आला. १८८४ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घातल्यास डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी लगेच प्रयोगाला लागले. ते दुसऱ्या कोणावर नव्हे, स्वतःवर! मज्जातंतूच्या जवळ कोकेन टोचले की त्या तंतूचा सारा प्रदेश बधिर होतो हे त्यांनी शोधून काढले. आज दाढ काढताना दंतवैद्य जबड्यात जी सुई टोचतात, तिचा उगम येथे आहे. या शोधाची किंमत मात्र भयंकर होती. त्या वेळी कोकेनच्या व्यसनाची कोणालाच नीट कल्पना नव्हती. काही महिन्यांतच हॉल्स्टेड त्या विषाच्या पूर्ण आहारी गेले. लेख लिहायला बसले तर वाक्याला वाक्य जुळेना. व्याख्याने सुटली, व्यवसाय बसला.

१८८६ साली ते प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात उपचारांसाठी दाखल झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. परक्या मुलखात, ढासळत्या प्रकृतीशी झगडत एक मराठी मुलगी डॉक्टर झाली, त्याच वर्षी त्याच देशातील एक अव्वल शल्यवैद्य आयुष्यातून उठल्यासारखा झाला होता. काळाचे पान एकच, पण त्यावरच्या ओळी किती वेगळ्या!

हॉल्स्टेड यांना सावरले ते मित्राने. डॉ. विल्यम वेल्च हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक बाल्टिमोरमध्ये नव्या वैद्यकीय संस्थेची उभारणी करीत होते. त्यांनी हॉल्स्टेडना आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले. तेथे त्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग करून टाका कोणत्या थरातून घातला असता टिकतो हे दाखवून दिले. मध्यंतरी एकदा पुन्हा बटलरला जावे लागले. १८८९ च्या मे महिन्यात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि तेथे शस्त्रक्रिया विभाग प्रथम तात्पुरता, मग कायमचा त्यांच्याकडे आला. १८९२ मध्ये ते शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. जगाला वाटले, व्यसन सुटले. पण त्यांचे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांचे गुप्त टिपण १९६९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कळले की कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली होती आणि ते पुढेही दीर्घकाळ चालू राहिले होते.

न्यूयॉर्कचा धडाडीचा हॉल्स्टेड आता उरला नव्हता. बाल्टिमोरचा हॉल्स्टेड अबोल, एकलकोंडा, चोखंदळ होता. त्याचे सदरे धुण्यासाठी पॅरिसला जात, उन्हाळ्याचे महिने नॉर्थ कॅरोलायनातील डोंगराळ मळ्यात डेलियाची फुले वाढविण्यात जात. शस्त्रक्रियेतही तोच बदल दिसू लागला. भूल नव्हती त्या काळात शल्यवैद्याची कसोटी वेगावर असे. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या स्तनावर पॅरिसमध्ये १८११ साली शस्त्रक्रिया झाली ती संपूर्ण शुद्धीत. त्या यातनांचे वर्णन त्यांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रात केले आहे. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ पासून लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आली, तरी घाई करण्याची जुनी खोड गेली नव्हती. हॉल्स्टेड सावकाश, तासन्‌तास काम करीत. प्रत्येक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधायची, रक्ताचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, मांसपेशींना जरूर नसता चिमटा लावायचा नाही, जखम बारीक रेशमाने थर जुळवून शिवायची. आज हे नियम सर्वसामान्य वाटतात. त्या वेळी ते नवे होते.

रबराच्या हातमोज्यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. शस्त्रक्रियागृहातील प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणाने पुरळ उठू लागले. हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० साली दोघांचा विवाह झाला. पण हे मोजे हातांचे रक्षण करण्यासाठी होते, रुग्णाच्या नव्हे. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाने मोजे घातले तर जखमा चिघळत नाहीत, हे आकडे मांडून दाखविले ते त्यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी, १८९९ मध्ये. इतकी उघड गोष्ट आपल्याला कशी दिसली नाही याचे पुढे हॉल्स्टेडनाही नवल वाटे. गुरूच्या डोळ्यांसमोरची गोष्ट शिष्याने पाहिली! हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे वळू. त्या काळी गाठ काढली तरी बहुतेक स्त्रियांना त्याच जागी ती पुन्हा उद्भवे. लंडनचे चार्ल्स मूर यांनी १८६७ मध्येच सांगितले होते की गाठ तुकड्यातुकड्यांनी न काढता सबंध स्तन काढला पाहिजे. फोल्कमान त्याखालचे आवरणही काढीत. हॉल्स्टेड त्यापुढे गेले. कर्करोग मुळांसारखा एका जागेपासून सलग पसरत जातो, लसिकावाहिन्यांतून काखेतील गाठींत जातो आणि मग पुढे सरकतो, अशी त्यांची धारणा होती. मग सगळी मुळेच एकसंध उपटली तर? सबंध स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी हे सारे एकाच खंडात काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली. १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी फक्त ३ जणींना त्याच जागी रोग उलटला होता. युरोपातील मोठमोठ्या शल्यवैद्यांच्या रुग्णांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. वैद्यकविश्व थक्क झाले.

थक्क होण्यासारखेच ते होते. पण त्या आकड्यात एक मेख होती. जागच्या जागी रोग उलटला नाही म्हणजे स्त्री वाचली असे नव्हे. हॉल्स्टेड यांच्याच १९०७ च्या अहवालातून दिसून आले की काखेतील गाठींत रोग पोहोचलेला नसेल तर बहुतेक स्त्रिया तीन वर्षांनंतरही सुखरूप होत्या, पोहोचलेला असेल तर मात्र बहुसंख्य दगावल्या होत्या. म्हणजे फरक सुरीने नव्हे, रोगाच्या अवस्थेने पडत होता, असाही त्याचा अर्थ लागू शकत होता. तो कोणी लावला नाही. उलट आणखी खोल, आणखी दूरवर कापावे असेच पुष्कळांना वाटले. बचावलेल्या स्त्रियांच्या वाट्याला खोलगट छाती, आखडलेला खांदा आणि सुजून जड झालेला हात येई. जीव वाचविण्यासाठी एवढे सोसायलाच हवे असे सर्वजण धरून चालले होते.

हा विश्वास इतका दूरवर आणि इतका काळ पसरला कसा? याचे उत्तर हॉल्स्टेड यांच्या दुसऱ्या कामात आहे.

१८८९ पासून त्यांनी आपल्या विभागात निवासी शिक्षणाची पद्धत सुरू केली. तिचा आकार पिरॅमिडसारखा होता. तळाशी बरेच उमेदवार, वर जाताना गळत गळत शिखरावर एकच मुख्य निवासी. हे उमेदवार रुग्णालयातच राहत, अविवाहित असत. दिवस-रात्र असा भेद नव्हता. सुमारे सहा वर्षे सहायक म्हणून आणि त्यानंतर दोन वर्षे मुख्य म्हणून काढावी लागत. वर्षागणिक जबाबदारी वाढत जाई. शेवटी मुख्य निवासी जवळजवळ संपूर्ण विभाग सांभाळी, कारण गुरुजी पुष्कळदा गैरहजर असत. वर्गात हॉल्स्टेड निष्प्रभ वाटत, कधीकधी आलेल्या पत्रांना उत्तरही देत नसत. पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर तो पूर्ण टाकीत. १९०४ मध्ये येल येथे शल्यवैद्याच्या शिक्षणावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा सारा विचार मांडला. नुसते शल्यवैद्य नव्हे, तर इतरांना घडवतील असे शल्यवैद्य आपल्याला हवेत, असा त्याचा आशय होता.

ते त्यांनी करूनही दाखविले. ३३ वर्षांत त्यांच्या हाताखाली अवघे १७ मुख्य निवासी तयार झाले. पण त्यांतील अनेकांनी देशभर आपापल्या विद्यापीठांत हीच पद्धत रुजविली. एका पणतीवर दुसरी लावावी तसे झाले. शस्त्रक्रियेच्या स्वतंत्र शाखांचाही पाया याच विभागात घातला गेला. हार्वी कुशिंग यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेची शाखा उभी केली, वॉल्टर डँडी यांनी ती पुढे नेली. सॅम्युअल क्रो यांनी कान-नाक-घसा विभाग उभारला. ह्यू यंग यांना तर एके दिवशी वाटेत गाठून मूत्रमार्गाच्या विकारांचा विभाग सांभाळायला सांगितले. त्यातले आपल्याला काहीच कळत नाही असे ते म्हणाले, तरी हॉल्स्टेड यांना ठाऊक होते की ते शिकून घेतील. ब्लडगुड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या शास्त्राला वाहून घेतले आणि स्तनाच्या विकारांचे लवकर निदान व्हावे म्हणून आयुष्य वेचले.

मात्र ज्या वाटेने उत्तम हात तयार होऊन बाहेर पडले, त्याच वाटेने गुरूचा सिद्धान्तही बाहेर पडला. आठ वर्षे ज्याच्या हाताखाली काढली, ज्याने हात धरून टाका शिकविला, त्याच्या मूळ गृहीतावर शंका कोण घेणार? शिष्याने आपल्या शिष्यांना तेच शिकविले, त्यांनी पुढच्यांना. लंडनचे शल्यवैद्य जेफ्री कीन्स यांनी १९२० च्या दशकात छोटी शस्त्रक्रिया आणि रेडियमचे किरण यांचा उपयोग करून चांगले परिणाम दाखविले. हेच कीन्स कवी विल्यम ब्लेक यांच्या साहित्याचे नामांकित संपादक आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड कीन्स यांचे बंधू. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव अपरिचित नसावे. पण शस्त्रक्रियेच्या जगात त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १९७४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावरही मोठी शस्त्रक्रियाच झाली.

कोंडी फुटली ती मोजमापाने. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी प्रयोगशाळेत पाहिले की कर्करोगाच्या पेशी क्रमाक्रमाने सरकत नाहीत, त्या रक्तातूनही लवकर दूर जाऊ शकतात. तसे असेल तर छाती कितीही खोल कापून काय उपयोग? १९७१ पासून त्यांनी १,६०० हून अधिक स्त्रियांवर चाचणी घेतली. कोणत्या स्त्रीला कोणती शस्त्रक्रिया, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले जाई. इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांची अशीच चाचणी घेऊन १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये फिशर यांच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. लहान गाठ असेल तर तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मान तेवढेच राहते, हे सिद्ध झाले. पहिल्या चाचणीतील स्त्रियांचा २५ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये मांडला गेला, तेव्हाही स्नायूंसह सर्व काढल्याने कोणाचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. एवढी वर्षे किती स्त्रियांनी विनाकारण आपले शरीर गमावले याची गणती कोण करणार?

आज अमेरिकेत सर्वसाधारण शस्त्रक्रियेचे पाच वर्षांचे निवासी शिक्षण संपल्यावर स्तनविकारांच्या शल्यवैद्यासाठी आणखी एक वर्षाचे विशेष शिक्षण असते. त्यात कापणे कमी आणि समजून घेणे अधिक. क्ष-किरण चित्रे वाचणे, काढलेल्या पेशी तपासणाऱ्यांशी बोलणे, औषधोपचार व किरणोपचार करणाऱ्यांच्या बरोबरीने निर्णय घेणे, आनुवंशिक धोका ओळखणे, स्तनाची पुनर्रचना कशी होते ते जाणणे आणि घाबरलेल्या स्त्रीशी धीराने बोलणे, हे सारे त्यात येते. काखेतील सगळ्या गाठी सरसकट काढण्याऐवजी रंगद्रव्य टोचून पहिली पहारेकरी गाठ कोणती ते शोधायचे, ती निर्दोष असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही, हे तंत्रही त्याच शिक्षणाचा भाग आहे. आपल्याकडे मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात एम.एस. नंतर कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे तीन वर्षांचे उच्च शिक्षण मिळते. हातात सुरी येण्याआधी आणि आल्यानंतरही दीर्घकाळ शिकत राहिले पाहिजे, हे हॉल्स्टेड यांचे म्हणणे असे टिकून राहिले आहे. अखंड जागरणाचा त्यांचा दंडक मात्र सैल करावा लागला. २००३ पासून अमेरिकेत निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ८० तासांपुरते मर्यादित करण्यात आले.

हॉल्स्टेड यांचा शेवट एखाद्या नाटककाराने रचावा तसा झाला. ज्या पित्तखड्यांपासून त्यांनी आईला वाचविले होते, तेच त्यांच्या मागे लागले. १९१९ मध्ये त्यांचे पित्ताशय काढावे लागले. तीन वर्षांनी दुखणे उलटले. त्या वेळी त्यांनी आपले शरीर सोपविले ते जॉर्ज ह्यूअर आणि माँट रीड या आपल्याच शिष्यांच्या हाती. शस्त्रक्रिया त्यांनी शिकविल्याप्रमाणेच झाली, परंतु नंतर फुफ्फुसदाह होऊन ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. सत्तरी पुरी व्हायला सोळा दिवस उरले होते. कॅरोलाइन याही त्याच वर्षी निवर्तल्या.

हॉल्स्टेड यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्या काळात गाठ आलेल्या स्त्रीला आशाच नव्हती, त्या काळात त्यांनी ती दिली. आपले आकडे त्यांनी लपविले नाहीत. ते उघड्यावर ठेवले म्हणूनच पुढे ते तपासता आले. चूक झाली असेल तर ती पुढच्या पिढ्यांची. त्यांनी गुरूचा हात घेतला, पण तरुणपणी त्याच गुरूने दाखविलेली शंका घेण्याची वृत्ती घेतली नाही. हातमोज्यांच्या बाबतीत ब्लडगुडनी जे केले, ते स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत करायला पाऊणशे वर्षे लागली.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्या हाती सुरी नाही, पेन आहे. आपणही गुरुजनांकडून टिपणे घेतो, ती पाठ करतो आणि उद्या यांतील कित्येक जण तीच टिपणे पुढच्या वर्गाला देतील. आपल्या चुकीने कोणाचा हात सुजत नाही, म्हणून ती कळायला कदाचित अधिकच वेळ लागतो. गुरूचे कौशल्य उचलावे, त्याची निष्ठा उचलावी आणि त्याचे म्हणणे पुन्हा एकदा तपासूनही पाहावे. बाल्टिमोरच्या त्या अबोल शल्यवैद्याच्या आयुष्यातून एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.